आदल्या दिवशीचं आवतन

माझ्या मुलीला मी पहिल्यांदा मोठ्या दवाखान्यात नेलं ते खोटं बोलून. "चाल, मामाच्या गावाले जाऊ," म्हटलं. नवा फ्रॉक घातला, दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या. माझा भाऊ वडनेरला असतो आणि आम्ही अल्लीपूरजवळचे. एसटी वर्ध्याच्या बाजूला वळली तेव्हा कुंदा म्हणाली, "माय, वडनेर इकडं नाई ना?" मी म्हटलं, "तिकडला रस्ता बंद आहे, ही गाडी फिरून जाते." सात वर्षांच्या पोरीला एवढं पुरलं. ती खिडकीशी बसून गाणी म्हणत गेली.

हे लिहायला मला वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, नव्या आया येतात, घाबरून गेलेल्या असतात, त्यांच्या हाती द्यायला काहीतरी असावं. मी सातवी पास बाई, लिहिण्याची सवय भावाला पत्र टाकण्यापुरती. पण लिहायचंच तर आपली चूक आधी लिहावी असं ठरवलं. औषधांनी माझ्या मुलीला जेवढा त्रास झाला तेवढाच माझ्या तोंडाने झाला. सांगायला लाज वाटते, पण लाज धरून कोणाचं लेकरू बरं होत नाही.

गाठ

उन्हाळ्याचे दिवस होते. न्हाऊ घालताना कुंदाच्या कानाखाली बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या गालफुगी असेल, तिसऱ्या घरच्या म्हणाल्या उष्णता. हळद लावली, वैद्याचा लेप लावला. बोराचं लिंबू झालं आणि दुसऱ्या बाजूलाही दोन गाठी आल्या. संध्याकाळी अंग तापू लागलं. दिवसभर उंडारणारी पोर ओट्यावर भिंतीला टेकून बसू लागली. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी मान चाचपून पाहिली आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात न देता कुंदाच्या बाबांच्या हातात दिली.

तिथे गाठीचा तुकडा काढून तपासला. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना खुर्च्यांवर बसायला सांगितलं. डॉक्टरांसमोर खुर्चीवर आम्ही तोवर कधी बसलो नव्हतो. ते म्हणाले, "हा गाठींचा कॅन्सर आहे."

कुंदाच्या बाबांनी विचारलं, "म्हंजे तोच का, साहेब?"

"हो, तोच. पण या प्रकारावर आता औषधं आहेत आणि काही मुलं पूर्ण बरी होतात. वर्षभर यावं लागेल. मध्येच सोडलंत तर रोग परत येईल आणि मग माझ्या हातात काही उरणार नाही. एकही तारीख चुकवायची नाही."

आम्ही बाहेर येऊन कडुलिंबाखाली उभे राहिलो. कुंदाचे बाबा मुलखाचे अबोल. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि म्हणाले, "पोरीले काई सांगू नोको."

"मी काय येडी आहो का सांगाले?" मी म्हटलं.

आमचं दोघांचं एरवी कशावरच लवकर जमत नाही. त्या दिवशी चटकन जमलं, आणि नेमकी तिथेच चूक झाली.

माझी हुशारी

खोटं बोलण्यात मी पहिल्यापासून पटाईत. दुसऱ्या खेपेला कुंदाला सांगितलं, मावशीच्या घरी कार्य आहे. तिसऱ्या खेपेला सांगितलं, देवळीला बांगड्या भरायला जाऊ. सुई म्हणजे मुंगी चावल्यासारखी, असंही सांगितलं. ती सुई शिरेतून द्यायची असे आणि कुंदाची शीर सापडता सापडत नसे. वॉर्डातल्या दोन कामवाल्या बाया पाय धरत, बाबा खांदे धरत, मी डोकं धरत असे. सुई आत जायच्या आधीच मी "झालं झालं" म्हणू लागायची. ती माझ्याकडे बघायची, आणि तेव्हाच सुई टोचली जायची.

गोळ्या कडू होत्या. त्या मी कुटून शिऱ्यात घालायची आणि तिच्या बाजूला बसून, "खाय माय, तुपाचा आहे," असं म्हणत भरवायची.

दर खेपेला काही दिवस वॉर्डात राहावं लागे. तिथे लोखंडी खाटांच्या दोन रांगा होत्या. फिनाईलचा वास असायचा, बाहेरच्या झाडाखाली आयाबाया स्टोव्हवर वरणभात करायच्या. सिस्टर ट्रे घेऊन निघाल्या की त्यातल्या काचेच्या सिरिंजा किणकिणायच्या. तो आवाज आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लेकरं रडायला लागत. सुई कोणाची आहे हे कोणालाच ठाऊक नसे, म्हणून सगळीच रडत.

घरी आल्यावरही ते भेव सुटलं नाही. मी फणी हातात घेतली की कुंदाला ओकारी यायची, कारण वेण्या घातल्या म्हणजे गाडीत बसवणार. शिऱ्याचा वास आला की ती खाटेखाली शिरायची. मामा भेटायला आला तर ती त्याच्यासमोर येईना, तोही आता तिला दवाखान्याचा माणूस वाटत होता. पुढे पुढे तिने माझ्या हातचं खाणंच सोडलं. बाबांच्या ताटातला घास ती घेई, आणि मी वाढलेली वाटी मात्र उलटी करून ठेवी. आई होऊन मी ते बघत होते आणि तरी पुढच्या तारखेसाठी नवं खोटं शोधत होते.

गव्हाणीत

पुढची तारीख नेमकी पोळ्याच्या आदल्या दिवशी आली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरं लाकडाचे बैल सजवून घरोघर नेतात. मी म्हटलं, "चाल, वर्ध्याहून तुले लाकडाचा बैल आनू." मी फणी आणायला आत गेले, बाहेर येऊन पाहते तर पोर नाही.

तिला सगळ्या गावात शोधलं. एसटी आली, उभी राहिली आणि गेली. मी विहिरीत वाकून पाहिलं. त्या वेळी मनात काय आलं ते लिहीत नाही, आयांना ते कळेल. शेवटी कुंदाच्या बाबांना ती गोठ्यात सापडली. तांबड्या नावाचा आमचा बैल मारका होता, घरच्या माणसाशिवाय कोणाला जवळ येऊ देत नसे. त्याच्या गव्हाणीत, कडब्याखाली ती अंग चोरून पडली होती. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तू जाय. तू खोटी आहे."

डॉक्टरांनी चुकवू नका म्हटलेली तारीख चुकली होती. मी गोठ्याच्या दाराशी बसून रडले. तिला ओढून काढायची माझी हिंमत झाली नाही आणि ती आपण होऊन बाहेर आली नाही. बाबांनी भाकर नेऊन दिली, ती तिने गव्हाणीतच खाल्ली.

संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे होते. वर्षभर जू ओढून खांदे दुखलेले असतात, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांना हळद आणि तूप चोळतात आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण देतात. कुंदाच्या बाबांनी तांबड्याच्या खांद्यावर हात फिरवला आणि दरवर्षीसारखं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

गव्हाणीतून आवाज आला. "बाबा, तुमी बैलाले आदल्या दिवशी सांगता. मले काऊन नाई सांगत?"

त्यांचा हात बैलाच्या खांद्यावरच थांबला. मग म्हणाले, "चुकलं, बेटा." एवढंच. पण त्यांचा आवाज फाटला होता. लग्नाला दहा वर्षं झाली होती, तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोळा झाला. बैल तोरणाखालून आले, त्यांना पुरणपोळी दिली. मग कुंदाचे बाबा तिच्यासमोर मांडी घालून बसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कुंदाबाई, आज आवतन घ्या. उद्या दवाखाना आहे. एक सुई आहे, हाताले. ते दुखते. तुले धरा लागन, पन तुले इचारून धरन."

ती ओरडली, लाथा झाडल्या, जेवली नाही. मी नवऱ्यावर भडकले. "सणावाराचं पोरीले रडवलं! आता सकाळी कुठी शोधान तिले?" शेजारच्या काकूही म्हणाल्या, उद्या पोळ्याची कर, अशा अशुभ दिवशी पोरीला कुठे नेता. मला वाटलं आता उद्याचाही दिवस बुडणार आणि सगळंच संपणार.

सकाळी उठून पाहते तर कुंदा ओट्यावर बसलेली. पायात चपला. केस तसेच विस्कटलेले. डोळे सुजले होते. मी विचारलं, "येतं का?"

"आवतन घेतलं ना म्या," ती म्हणाली.

गाडीत ती पूर्ण वेळ रडली. पण एसटीच्या पायऱ्या ती स्वतः चढली होती.

वॉर्डातलं आवतन

तारीख चुकवली म्हणून डॉक्टर खूप रागावले, आम्ही मान खाली घालून ऐकलं. मग मोठ्या सिस्टरबाई ट्रे घेऊन आल्या तेव्हा कुंदाचे बाबा मध्ये उभे राहिले. "बाई, एक इनंती आहे. पोरीले आदल्या दिवशी सांगत जा. सुई किती, कुठं, सगळं." सिस्टरबाई मूळच्या दुसरीकडच्या, त्यांना आवतन हा शब्द कळेना. मग ह्या अबोल माणसाने बैल, खांदे, हळद, तूप असं सगळं त्यांना समजावून सांगितलं. मी मनात म्हटलं, आता ह्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि कुंदालाच विचारलं, "अजून काय काय सांगायचं तुला?"

कुंदा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "माय शिऱ्यात गोळ्या घालते. मले माईत आहे."

तिला पहिल्यापासून माहीत होतं. माझी सगळी हुशारी त्या दिवशी वॉर्डात सगळ्यांसमोर उघडी पडली. मी त्याच दिवशी गोळ्या तळहातावर ठेवून तिच्यासमोर धरल्या. "ह्या कडू आहेत. लई कडू आहेत. पन घ्या लागते." तिने एकेक करून गिळल्या, वर गुळाचा खडा खाल्ला, तोंड वेडंवाकडं केलं. रात्रीच्या जेवणाला तिने माझ्या हातचा घास घेतला.

नंतर सिस्टरबाईंनी संध्याकाळी खाटांमधून फिरायला सुरुवात केली. ज्याची सुई त्याच्याजवळ वाकून त्या सांगायच्या, "आज आवतन घ्या. उद्या सकाळी डाव्या हाताला." त्यांचं ते शुद्ध बोलणं ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या. लेकरू रडायचं, आईच्या मांडीत शिरायचं. पण बाकीची नऊ लेकरं खेळत राहायची. त्यांना कळलं होतं की उद्या आपल्याला काही नाही. सिरिंजा किणकिणल्या तरी कुंदा चिंचोक्यांवरून मान वर करत नसे. भेव गेलं असं मी म्हणणार नाही. ते आपल्या दिवशी यायचं, एवढंच.

सगळ्यांना हे पटलं नाही. एक आई मला म्हणाली, "हासत्या लेकराले काहाले रडवता वो? दोन घटका तरी हासू द्या." दोन महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं होतं.

एकदा एक तरुण डॉक्टर अचानक रक्त घ्यायला आले. कुंदाने हात पाठीमागे घेतले. "आवतन नाई आलं."

"कसलं आवतन? चल, हात दे."

"नाई. काल कोनं सांगितलं नाई."

डॉक्टर चिडले. सिस्टरबाई धावत आल्या, म्हणाल्या, "डॉक्टर, तातडीचं आहे हे तिलाच सांगा." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग खाटेवर टेकून म्हणाले, "हे बघ, आज सकाळी तुझा ताप वाढला. म्हणून काल माहीत नव्हतं. आता सांगतो, अर्ध्या तासाने घेतो. चालेल?" कुंदाने थोडा विचार केला आणि मान डोलावली. अर्ध्या तासाने ते खरंच आले. तिने स्वतः बाही वर केली. सुई टोचली तेव्हा ती रडली, आणि रडू नको असं त्यांनी म्हटलं नाही.

सोमाची वाटी

शेजारच्या खाटेवर सोमा नावाचा सहा वर्षांचा मुलगा होता. जंगलाकडच्या गावातला, गोंडाचा. त्याची आई त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलायची आणि माझ्याशी तोडकं मराठी. सोमा आणि कुंदा दिवसभर चिंचोके खेळायचे. दिवाळीनंतर तो उठून बसेनासा झाला. एका सकाळी कुंदाला एक्स-रेचा फोटो काढायला नेलं होतं, तेवढ्या वेळात तो गेला. परत आलो तर खाटेवर नवी चादर होती.

"सोमा कुठी गेला?"

"घरी गेला," मी म्हटलं. इतके महिने झाले होते, तरी जिभेवर तेच आलं.

कुंदाने खाटेखाली पाहिलं. "तेची वाटी येथीच आहे. तेची माय वाटी टाकून जात नाई."

पितळेची लहान वाटी होती. मी ती उचलली आणि खाली बसले. "सोमा मेला, बेटा. मी खोटं बोलली."

ती रडली नाही. वाटी माझ्या हातून घेतली, मांडीवर ठेवली. मग विचारलं, "मी बी मरन का?"

त्या क्षणी मला माझी आई आठवली, देव आठवले, काय काय आठवलं. "मले माईत नाई," मी म्हटलं. "डॉक्टर म्हनते, औषध लागू पडून राह्यलं. पन मले माईत नाई."

"तुले माईत झालं त सांगशील? आदल्या दिवशी?"

कोणत्या आईने ह्यावर हो म्हणावं? मी म्हटलं, "सांगन."

वाटी आम्ही सोमाच्या आईला निरोप पाठवून पोचती केली.

जे मला सांगायचं होतं

पौषात कुंदाला मोठा ताप आला. औषधांनी अंगातली ताकद कमी होते, तशात साधा ताप जिवावर बेततो. तो चौथ्या दिवशी उतरला. चैत्र गेला, वैशाख गेला, औषधं संपली, औषधांनी गळलेले केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. आता कुंदा नववीत आहे. वर्षातून एकदा दाखवायला जातो. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती अजूनही थोडी गप्प होते आणि मीही होते. सगळ्या लेकरांचं असं होत नाही, हे मला सोमाच्या खाटेने शिकवलं आहे. म्हणून हे वाचणाऱ्या आईला मी धीर धरा, सगळं ठीक होईल असं लिहीत नाही. मला माहीत नाही.

पण त्या तापातली एक दुपार लिहायची राहिली आहे.

कुंदाचे बाबा कापूस वेचणीसाठी गावी गेले होते. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "पुढचे दोन दिवस कठीण आहेत. मनाची तयारी ठेवा. हिच्या वडिलांना बोलावून घ्या." निरोप पाठवला, तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि आत गेले. कुंदा जागीच होती. तिचे ओठ सुकले होते.

"डॉक्टर काय म्हनत होते?"

"उद्या सुट्टी देतो म्हनत होते," हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. इतकं सोपं होतं ते. हसून म्हटलं की झालं. तिची नजर माझ्या तोंडावर होती, मी डोकं धरून "झालं झालं" म्हणायची तेव्हा असायची तशी.

"ते म्हनते, ताप लई वाईट आहे," मी म्हटलं. "दोन दिवस कठीन आहे."

"मी मरून राह्यली का?"

"तेइले माईत नाई. मले बी माईत नाई." मग जे कुठल्याच खोट्यात, कुठल्याच खऱ्यात मी आजवर बोलले नव्हते, ते तोंडातून बाहेर पडलं. "मले लई भेव लागून राह्यलं, कुंदा."

तिने तापलेला हात माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "मले वाटलं, मलेच एकटीले लागून राह्यलं."

आणि ती भिंतीकडे सरकली. खाट अरुंद होती, तरी तिने माझ्यापुरती जागा केली. मी चपला काढल्या आणि तिच्याजवळ निजले.